काळी गल्ली, पिवळा रस्ता

नकाशा म्हटला की शाळेच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला, कडांना फाटलेला तो नकाशाच आपल्या डोळ्यांपुढे येतो. नद्या निळ्या, डोंगर तपकिरी, सपाट मुलूख हिरवा. माणसे त्यात नसतात. असली तर एखाद्या टिंबात सगळे शहर मावलेले असते. १८८९ साली लंडन शहराचा जो एक नकाशा प्रसिद्ध झाला त्याची तऱ्हा मात्र निराळी होती. त्यातले रंग माणसांच्या मिळकतीचे होते.

तो काढविणारा चार्ल्स बूथ हा कोणी पंडित नव्हे. लिव्हरपूलचा व्यापारी, कातड्याचा धंदा आणि ब्राझीलकडे जाणाऱ्या आगबोटी, हा त्याचा व्यवसाय. त्याची पत्नी मेरी ही, ज्या मेकॉलेने आपल्या शिक्षणाची घडी बदलली, त्याची सख्खी पुतणी. त्या काळी लंडनच्या गरिबीविषयी वर्तमानपत्रांतून फार लिहून येई. एक म्हणे परिस्थिती भयंकर आहे, दुसरा म्हणे ही सारी अतिशयोक्ती. बूथ पडला हिशेबी माणूस. त्याने म्हटले, मोजून तर पाहू! १८८६ साली त्याने हे काम हाती घेतले आणि पुढची सतरा वर्षे, पदरचा पैसा खर्चून, सतरा खंड पुरे होईपर्यंत ते सोडले नाही.

पण मोजायचे कसे? खानेसुमारीत माणसाचा धंदा लिहिलेला असे, मिळकत नसे. गरिबाच्या घरात शिरून त्याची चूल पाहिलेला माणूस हवा होता. तो सापडला शाळाखात्यात. १८७० च्या शिक्षणाच्या कायद्यानंतर लंडनच्या शाळामंडळाने घरोघर फिरणारे तपासनीस नेमले होते. कोणत्या घरात किती मुले, ती शाळेत का येत नाहीत, बापाला काम आहे की नाही, खोल्या किती, भाडे किती, हे ते वर्षानुवर्षे वह्यांतून टिपून ठेवीत. बूथने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी (त्यांत पुढे बिअट्रिस वेब म्हणून गाजलेली तरुण बिअट्रिस पॉटरही होती) या तपासनीसांना समोर बसवून रस्त्यामागून रस्ता, घरामागून घर विचारून घेतले. आम्हा शिक्षकांचे हजेरीपट वर्ष संपले की बहुधा कपाटावर धूळ खात पडतात. त्यांतून एका महानगराचे पोट वाचता येते हे त्या व्यापाऱ्याला सुचले, याचे मला मोठे नवल वाटते.

मग रंग भरले. सगळ्यांत खालच्या थराला काळा, नित्य विपन्नावस्थेत असणाऱ्यांना गडद निळा, आठवड्याला अठरा ते एकवीस शिलिंगांत संसार ओढणाऱ्यांना फिका निळा, जेथे सगळेच मिसळलेले तेथे जांभळा, बऱ्यापैकी खाऊनपिऊन असणाऱ्यांना गुलाबी, सुखवस्तूंना लाल, आणि श्रीमंतांना पिवळा. पूर्व लंडनमध्ये शेकडा ३५ माणसे दारिद्र्यात निघाली. पुढे साऱ्या लंडनचा हिशेब झाला, तेव्हा आकडा निघाला शेकडा ३०.७. हे आकडे नुसते छापले असते तर चार दिवस चर्चा होऊन विसरले गेले असते. पण व्हाइटचॅपलचा दुकानांनी गजबजलेला हमरस्ता लाल आणि त्याच्या पाठीमागच्या गल्ल्या निळ्या-काळ्या, हे एकाच कागदावर पाहिल्यावर ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ असे म्हणायची सोय राहिली नाही. बूथने पुढे म्हाताऱ्यांना सरकारने निर्वाहवेतन द्यावे म्हणून चळवळ केली. १९०८ साली तो कायदा झाला. सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले.

असे असूनही तो नकाशा पाहताना दोन गोष्टी खटकतात. काळ्या रंगाच्या सूचीत बूथने केवळ दारिद्र्य नोंदविले नाही. दुर्व्यसनी, अर्धे गुन्हेगार, असा शेराही मारला. पिवळ्या रंगापुढे शीलाविषयी अवाक्षर नाही! दुसरे असे की, गरिबीच्या छटा शिलिंगाशिलिंगाने वेगळ्या केल्या, पण पिवळा एकच. सगळ्यांत वरच्या वर्गाची खूण काय, तर घरी नोकर आहेत. तपासनिसाने गरिबाचे दार ठोठावले होते. पिवळ्या रस्त्यावरची दारे ठोठावण्याचा त्याला अधिकारही नव्हता.

त्याच सुमारास, त्याच लंडनमध्ये, आपले दादाभाई नौरोजी होते. १८९२ साली ते मध्य फिन्सबरीतून पार्लमेंटात निवडून गेले. त्यांनी १८७६ सालीच हिशेब मांडला होता की, हिंदुस्थानात माणशी वार्षिक उत्पन्न वीस रुपये पडते, आणि तुरुंगातल्या कैद्याच्या बेताचे अन्नवस्त्र घ्यायचे म्हटले तरी चौतीस रुपये लागतात. एवढा भेदक आकडा. पण त्याला रंग भरायला घरोघर फिरणारा कोणी नव्हता. शिवाय ती सरासरी. सावकार आणि त्याचे कूळ दोघेही त्या विसांतच.

सरासरीच्या पोटात काय दडले आहे ते दाखविण्याची युक्ती १९०५ साली मॅक्स लोरेंझ या अमेरिकन तरुणाने काढली. माणसे गरिबापासून श्रीमंतापर्यंत ओळीने मांडायची आणि त्यांच्याजवळची संपत्ती बेरजेने चढवीत न्यायची. सर्वांजवळ सारखे असेल तर रेघ सरळ तिरपी जाईल. नसेल तर ओल्या धोतरांनी दोरी झोळावी तशी ती खाली झोळेल. जितका झोळ मोठा तितकी विषमता मोठी. इटलीच्या कोर्राडो जिनीने पुढे त्याच झोळाला एका आकड्यात बसविले. अर्थशास्त्रज्ञांचे काम झाले, पण घरी आईला दाखवावी अशी ही रेघ नव्हे.

आईला समजेल असे चित्र यान पेन या डच अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली शब्दांनी काढले. त्याने मिरवणूक काढली! देशातली सगळी कमावती माणसे एका तासात आपल्यासमोरून जाणार. ज्याची जेवढी मिळकत तेवढी त्याची उंची. बुटके आधी, उंच शेवटी. ब्रिटनच्या आकड्यांवरून त्याने दाखविले की अर्धा तास झाला तरी बुटकेच येत असतात. सरासरी उंचीचा माणूस येतो तो तास संपायला अवघी बारा मिनिटे उरल्यावर. आणि शेवटच्या क्षणांत मैलमैल उंच राक्षस.

हीच मिरवणूक साऱ्या जगाची, आणि मिळकतीऐवजी मालमत्तेची, काढून पाहू. पॅरिसच्या संशोधकांनी सिद्ध केलेल्या २०२२ च्या जागतिक विषमता अहवालात २०२१ सालचे आकडे आहेत: जगातल्या खालच्या अर्ध्या प्रौढ माणसांजवळ एकूण संपत्तीचा शेकडा २ भाग, वरच्या दहा टक्क्यांजवळ ७६, आणि त्यांतल्या वरच्या एका टक्क्याजवळ ३८. सरासरी माणूस साडेपाच फुटांचा धरला तर पहिला अर्धा तास जी माणसे जातात त्यांची सरासरी उंची भरते सुमारे अडीच इंच. दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात, त्यावरच्या मातीच्या मावळ्याएवढी. शेवटच्या सहा मिनिटांत जे येतात त्यांची सरासरी बेचाळीस फूट, म्हणजे चार मजली माडी. आणि अगदी शेवटच्या छत्तीस सेकंदांत येणाऱ्यांची दोनशे नऊ फूट. मुंबईच्या राजाबाई टॉवरच्या पाऊण उंचीची.

आणि तीही पुन्हा सरासरीच. दादाभाईंच्या वीस रुपयांसारखी.