पगारपत्रकात नसलेला यॉर्क

लुईस आणि क्लार्क यांच्या अमेरिकेतल्या पश्चिम मोहिमेबद्दल वाचताना माझं मन एका नावापाशी अडकलं. यॉर्क. क्लार्कचा गुलाम.

मे १८०४ ते सप्टेंबर १८०६, हा माणूस सगळ्यांच्या बरोबरीनं राबला. नोव्हेंबर १८०५ मध्ये प्रशांत महासागराजवळ हिवाळ्याचा तळ कुठे टाकायचा हे ठरवताना त्याचंही मत नोंदवलं गेलं.

परतल्यावर शिपायांना दुप्पट पगार आणि ३२० एकर जमीन मिळाली. यॉर्कला काय मिळालं? काहीच नाही. त्यानं स्वातंत्र्य मागितलं, तेव्हा क्लार्कनं नकार दिला. मानद सार्जंट हा सन्मान मिळाला, तो थेट २००१ मध्ये!

मंडळी, अशा मोहिमांचा इतिहास वाचताना नेत्यांच्या नावांबरोबर पगारपत्रकही बघत जा. राबूनही कोण वगळलं गेलं, ते तिथंच कळतं.