भोसले, भोंसले आणि एक प्रश्नचिन्ह

रायपूरच्या तेलीबांध्याहून तुमचं पुन्हा स्वागत. आजचा विषय संगणकाचा आहे, पण घाबरू नका. सुरुवात आपण नावांपासून करू.

१७५८ मध्ये बिंबाजी भोसले नागपूरहून रतनपूरला आले आणि छत्तीसगडचा कारभार पाहू लागले. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं, तरी इथली मराठी घरं इथेच राहिली. त्यांची नावं मात्र हिंदी कागदांत थोडी बदलली. भोसलेंचे भोंसले झाले, काळे यांचे काले झाले. माणसाला हे लगेच कळतं. संगणकाला एक टिंब वाढलं तरी नाव वेगळं वाटतं. नातू आजोबांचा जमिनीचा कागद शोधतो आणि उत्तर येतं, 'नोंद नाही'.

यावरचा उपाय जुना आहे. त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. म्हणजे शब्द न सांगता शब्दाचा साचा सांगायचा. 'का[ळल]े' असं लिहिलं की चौकटी कंसातलं कोणतंही एक अक्षर चालतं, त्यामुळे काळे आणि काले दोन्ही सापडतात. 'भों?सले' मधलं प्रश्नचिन्ह म्हणतं, माझ्या आधीचं चिन्ह असो वा नसो. इथे ते चिन्ह म्हणजे अनुस्वार, कारण युनिकोडमध्ये अनुस्वार आणि मात्रा यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. टिंब म्हणजे कोणतंही एक चिन्ह. तारा म्हणजे आधीचं चिन्ह शून्य किंवा कितीही वेळा.

ही कल्पना आली मेंदूच्या अभ्यासातून. १९४३ मध्ये वॉरेन मॅक्युलक आणि वॉल्टर पिट्स यांनी मज्जापेशींचं गणिती चित्र मांडलं. अशी जाळी कोणकोणते क्रम ओळखू शकते, हा प्रश्न गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५१ मध्ये रँड कॉर्पोरेशनमध्ये हाती घेतला. त्यांचा लेख १९५६ मध्ये छापून आला. ती तारा आजही त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

आपल्याकडेही तेव्हा मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक घडत होता. १९६० मध्ये तो पूर्ण क्षमतेनं चालू झाला.

यंत्र साचा कसा तपासतं? मी फौजेत होतो, म्हणून गेटवरच्या संतरीचं उदाहरण देतो. त्याला मागचं सगळं आठवावं लागत नाही. 'आत्ता मी कोणत्या पायरीवर आहे' एवढंच त्याला माहीत असतं. अक्षर बरोबर आलं की पुढची पायरी. शेवटच्या पायरीवर पोचलं की गेट उघडतं. साच्यात दोन वाटा असतील तर? १९६८ मध्ये बेल लॅब्जच्या केन थॉम्पसन यांनी उत्तर छापलं : दोन्ही वाटांवर एकदमच संतरी चालवा. एक वाट संपेपर्यंत जाऊन परत फिरायला नको. त्यांचा प्रोग्रॅम साच्याचं रूपांतर थेट आयबीएम ७०९४ च्या यंत्रभाषेत करत असे.

पुढे युनिक्सच्या 'एड' या संपादकात हे तंत्र आलं. साचा जुळणाऱ्या सगळ्या ओळी छापा, असा त्यात एक हुकूम होता : जी, आरई, पी. त्यातूनच १९७३ च्या सुमारास 'ग्रेप' हा स्वतंत्र प्रोग्रॅम झाला. तो आजही जगभर वापरात आहे.

मंडळी, साचा लिहिणाऱ्याला भाषा माहीत असावी लागते. ळ चा ल होतो, हे यंत्राला आपणच सांगायचं आहे. आपल्या मंडळाच्या, शाळेच्या जुन्या याद्या कोणी संगणकावर चढवत असेल, तर त्याच्या शेजारी बसा. तुमच्या गावात कोणतं आडनाव कसं बदललं, ते त्याला लिहून द्या. बाहेरच्या प्रोग्रॅमरला ते ठाऊक नसतं, आणि ते सांगणारी आपली पिढी आता फार मोठी राहिलेली नाही.

भेटूया पुढच्या भागात. जय हिंद.