उबेचा हिशेब : कांगडी ते विजेचे ब्लँकेट

काश्मीरच्या खोऱ्यात २१ डिसेंबरला ‘चिल्लई कलान’ सुरू होते. हिवाळ्यातील सर्वांत कडक असे हे चाळीस दिवस. रात्रीचे तापमान गोठणबिंदूच्या खाली जाते, नळातले पाणी गोठते, दल सरोवराच्या काठावर बर्फाचा पापुद्रा धरतो. अशा वेळी ऊब ही चैन राहत नाही. ती मिळवायची कशी आणि तिची किंमत किती, हा प्रश्न तेथे पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला. गेल्या शतकभरात त्याचे उत्तर हळूहळू निखाऱ्यांकडून विजेच्या मीटरकडे सरकले.

जुने उत्तर होते कांगडी. मातीच्या छोट्या भांड्याभोवती फांद्यांची विणलेली टोपली, आत कोळशाचे निखारे आणि वर अंगभर घोळणारा फेरन. कांगडी खोली तापवत नाही, माणसाला तापवते. इंधनाच्या दृष्टीने ही मोठी काटकसर होती. पण तिची किंमत शरीराला मोजावी लागे. पोट आणि मांड्या यांच्या त्वचेला वर्षानुवर्षे लागणाऱ्या धगीमुळे काही जणांना त्या जागी कर्करोग होई. डॉ. विल्यम एल्मस्ली यांनी १८६६ साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये त्याची नोंद केली. पुढे ‘कांगडी कर्करोग’ हे नाव वैद्यकाच्या ग्रंथांत कायमचे जाऊन बसले. बंद खोलीतील निखाऱ्यांमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा दुसरा धोका. त्याला ना रंग, ना वास.

नव्या उत्तराचा पाया इंग्लंडमध्ये घातला गेला. तारेतून वीज वाहताना निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात असते, हा नियम जेम्स जूल यांनी १८४० च्या सुमारास प्रयोगांनी सिद्ध केला. नियम हाती आला, तरी लालबुंद होऊनही न जळणारी तार मिळायला साठ-पासष्ट वर्षे जावी लागली. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू तयार केला आणि १९०६ साली त्याचे पेटंट मिळवले. हेच निक्रोम. हीटर, इस्त्री, टोस्टर ही सारी त्याचीच संतती.

विजेच्या ब्लँकेटला मात्र लाल तार नको होती. त्याला हवी होती अंगाला सोसेल अशी मंद ऊब. त्याचा पूर्वज सिडनी रसेल या अमेरिकी डॉक्टरने १९१२ साली तयार केला. रुग्णाच्या अंगाखाली घालायचे ते एक जाड, अवजड अंथरूण होते. क्षयरोग्यांना उघड्या हवेत झोपवण्याची पद्धत त्या काळी रूढ होती, म्हणून १९२० च्या दशकात आरोग्यधामांत अशा अंथरुणांचा वापर वाढला. तापमान आपोआप राखणारे ब्लँकेट १९३६ च्या सुमारास आले. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांसाठी विजेवर तापणारे पोशाख तयार झाले आणि त्या अनुभवाचा लाभ युद्धानंतर घरगुती ब्लँकेटला मिळाला.

वीज वापरायची, तर ती मोजायला हवी. ब्रिटनमध्ये विजेचा व्यवसाय ‘बोर्ड ऑफ ट्रेड’ या सरकारी खात्याच्या देखरेखीखाली होता, म्हणून एक किलोवॉट-तास विजेला तेथे ‘बोर्ड ऑफ ट्रेड युनिट’ म्हणत. ते खाते विस्मरणात गेले, पण भारतातील प्रत्येक वीजबिलात ‘युनिट’ हा शब्द आजही आहे. आरंभी वीज होती ती मुख्यतः दिव्यांसाठी. पुढे दिवे-पंखे आणि उष्णतेची उपकरणे यांच्यासाठी वेगवेगळी जोडणी व वेगळे दर ठेवण्याची प्रथा पडली. घरातील लहान आणि मोठे असे दोन प्रकारचे प्लग ही त्याच विभागणीची खूण म्हणता येईल.

भारतातील पहिले जलविद्युत केंद्र दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १८९७ साली सुरू झाले. त्याची क्षमता अवघी १३० किलोवॉट होती. १९०२ साली म्हैसूर संस्थानात शिवनसमुद्र येथून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज जाऊ लागली. त्या योजनेमागचे अभियंते अलेन जोली द लॉटबिनिएर हेच पुढे काश्मीरला गेले. झेलमच्या काठी मोहोरा येथे सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या लाकडी पाटातून पाणी आणून त्यांनी वीज निर्माण केली. कावेरीचा अनुभव असा झेलमपर्यंत पोचला.

आता आजचा हिशेब. समजा, एक ब्लँकेट १०० वॉटचे आहे आणि ते रात्री आठ तास चालते. १०० गुणिले ८ म्हणजे ८०० वॉट-तास, अर्थात ०.८ युनिट. तीस रात्रींचे २४ युनिट. २००० वॉटचा हीटर तेवढाच वेळ अखंड चालला, तर रात्रीला १६ आणि महिन्याला ४८० युनिट होतात. युनिटचा दर सहा रुपये धरला, तर एकीकडे १४४ रुपये, दुसरीकडे २८८० रुपये. बहुतेक राज्यांत वापर वाढला की दराचा टप्पाही चढतो, त्यामुळे प्रत्यक्षातील अंतर याहून मोठे असू शकते. थर्मोस्टॅट असेल, तर दोन्ही आकडे खाली येतात.

या वीसपट फरकात चमत्कार काही नाही. हीटर आणि ब्लँकेट दोन्ही उपकरणे जवळपास सगळ्या विजेची उष्णताच करतात. फरक आहे तो काय तापवायचे याचा. हीटर हवा, भिंती आणि छत तापवतो आणि फटींतून निसटणारी उष्णता सतत भरून काढतो. विश्रांती घेणारे मानवी शरीर स्वतःच सुमारे ८० ते १०० वॉट उष्णता बाहेर टाकते. ब्लँकेट तेवढीच भर घालते आणि ती पांघरुणाखाली टिकते. कांगडीचे जुने तत्त्वच येथे पुन्हा भेटते, धूर आणि निखारे यांच्याशिवाय.

काश्मीरसाठी हा हिशेब केवळ घरखर्चाचा नाही. तेथील जलविद्युत केंद्रे बव्हंशी नदीच्या वाहत्या प्रवाहावर चालतात. हिवाळ्यात डोंगरावरचे पाणी गोठते, नद्या आटतात आणि विजेची गरज सर्वाधिक असते तेव्हाच निर्मिती सर्वांत कमी होते. तूट बाहेरून वीज विकत घेऊन भरावी लागते. ती भरून निघाली नाही, की भारनियमन होते. वीज गेली की ब्लँकेट थंड पडते आणि हात पुन्हा कांगडीकडे वळतो.

म्हणूनच एका घराने वाचवलेले पंधरा युनिट हे कुठल्या तरी दुसऱ्या घराच्या रात्रीचे पंधरा युनिट असतात. ब्लँकेटलाही मर्यादा आहेत. घडी पडून आतील तार तुटली, तर आगीचा धोका संभवतो. ज्याला उष्णतेची जाणीव नीट होत नाही अशा रुग्णाला किंवा तान्ह्या बाळाला ते वापरू नये. शिवाय अंथरुणाबाहेर त्याचा उपयोग नाही. तरीही शंभर वॉटचे हे साधे उपकरण ऊर्जेच्या इतिहासातील एक जुना धडा नव्याने शिकवते : ऊब स्वस्त होते ती अधिक वीज निर्माण करून नव्हे, तर ती नेमकी कुठे हवी हे ओळखून.