प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारा फुगा : उपयोग आणि मर्यादा

मदन महल (जबलपूर) : प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे भारतातील मातामृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे. औषधांनी रक्त थांबत नसेल, तर गर्भाशयात बसविला जाणारा फुगा उपयोगी पडतो. मात्र तो वेळ मिळवून देणारा उपाय आहे; रक्तपुरवठा आणि शस्त्रक्रिया यांना तो पर्याय नाही.

मदन महलपासून जवळच नागपूर मार्गावर नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय आहे. मंडला, दिंडोरी यांसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांतील गंभीर रुग्णांना या शहराकडे धाव घ्यावी लागते. अशा लांबच्या प्रवासात प्रत्येक मिनिट महत्त्वाचे ठरते. २०१८-२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण देशात ९७, महाराष्ट्रात ३३, तर मध्य प्रदेशात १७३ होते.

योनीमार्गे प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर किंवा अधिक रक्त गेल्यास तो अतिरक्तस्राव मानण्याची पद्धत रूढ आहे. वार पडल्यानंतर गर्भाशय नीट आकुंचन पावले नाही, तर तेथील रक्तवाहिन्या उघड्या राहतात. अशा वेळी गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन आणि तीन तासांच्या आत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देणे हे प्राथमिक उपचार होत. त्यांना यश न आल्यास फुगा आत बसवून त्यात साधारण २५० ते ५०० मिलिलिटर सलाईन भरतात. त्याचा दाब आतून पडून रक्तस्राव थांबतो. फुगा जास्तीत जास्त २४ तास ठेवून मग काढला जातो.

यासाठी तयार मिळणारा ‘बाकरी’ फुगा महाग पडतो. बांगलादेशातील डॉ. सायेबा अख्तर यांनी रबरी कॅथेटरला कंडोम बांधून स्वस्त पर्याय तयार केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालातील सर्व २३ रुग्णांचा रक्तस्राव थांबला होता. पुढे ही पद्धत अनेक गरीब देशांत पोहोचली.

तथापि युगांडा, इजिप्त आणि सेनेगलमधील १८ रुग्णालयांत झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा फुगा उपलब्ध केल्यानंतर शस्त्रक्रिया वा मृत्यू यांचे प्रमाण घटले नाही. उलट ते वाढलेले आढळले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सशर्त शिफारस केली. त्यानुसार प्राथमिक उपचार झालेले असावेत, वारेचा तुकडा राहिलेला नसावा, जननमार्गाला जखम नसावी, कर्मचारी प्रशिक्षित असावेत आणि रक्त व शस्त्रक्रिया तात्काळ उपलब्ध असावी.

ग्रामीण केंद्रांना नेमकी हीच शेवटची अट पूर्ण करणे कठीण जाते. त्यामुळे फुगा बसविल्यानंतरही रुग्णवाहिका बोलावण्यात विलंब करता कामा नये. प्रवासात नाडी, रक्तदाब आणि रक्तस्रावावर सतत लक्ष ठेवणे, तसेच मोठ्या रुग्णालयाला आधीच कळवून रक्ताची तयारी करवून घेणे, ही फुग्याइतकीच आवश्यक कामे आहेत.