चौकीवरचा माणूस

आमची माई गोष्ट सांगायला बसली की पेशवाई आणि परवाचा दिवस यांत फारसं अंतर उरायचं नाही. "रात्रीची तोफ झाली की संपलं! बाहेर दिसेल त्याला घाशीरामाचे शिपाई उचलायचे," हे ती अशा थाटात सांगे, की वाटावं तिच्या सासऱ्यांनाच एकदा पकडून नेलं होतं. घाशीराम १७७७ साली पुण्याचा कोतवाल झाला आणि १७९१ मध्ये लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. माईला सनावळ्यांशी कर्तव्य नव्हतं. ती एवढंच म्हणायची, "दाराबाहेरून दरडावणारा शिपाई वेगळा आणि ओट्यावर टेकणारा वेगळा."

ओट्यावर टेकणारे म्हणजे आमच्या पेठेतल्या चौकीवरचे हवालदार. वाडा सदाशिव पेठेत, चौकी चार पावलांवर. त्यांचं आडनाव मला आठवत नाही; आम्ही पोरं 'हवालदारकाका' म्हणायचो. आजोबांच्या मते ते मावळातले, आत्या शपथेवर सांगते जुन्नरकडचे. हाफपँट, हातात काठी आणि तोंडात सुपारी. भानुविलासचा शेवटचा खेळ सुटला की कोणाचा मुलगा कोणाबरोबर परतला हे त्यांना ठाऊक असे, आणि ते घरी सांगायचं की गिळायचं हेही त्यांना बरोबर कळायचं. धाकट्या काकांचं बरंच काही त्यांनी गिळलं असावं. काका त्यांना भारी जपून असायचे.

माझी स्वतःची आठवण सुरू होते ती १९७६ च्या हिवाळ्यात. पुण्यात ऑक्टोबरअखेर जोशी कुटुंबाचा घरात खून झाला आणि डिसेंबरच्या एक तारखेला अभ्यंकर कुटुंबाचा. पुणं दिवेलागणीलाच आत शिरायला लागलं. आमच्या दिंडी दरवाजाला अडसर लागायचा, वर आजोबा पाटा सरकवून ठेवायचे. (त्या पाट्यापायी माईची चटणी दोन दिवस खोळंबली म्हणून झालेलं भांडण मला खुनांपेक्षा जास्त आठवतं. लहानपणी काय लक्षात राहील, सांगता येत नाही.) आणीबाणी होती, वर्तमानपत्रांतून थोडंच कळायचं, बाकीचं नळावर. गल्लीतल्या पुरुषांनी पाळ्या लावून गस्त सुरू केली. हवालदारकाका त्यांच्या पुढे असायचे. ते नुसती काठी आपटत जात नसत, घराघराला नावानं हाक मारत. "माई, हाय का सगळं ठीक?" आतून माई ओरडायची, "आहोत हो!" मग मला झोप लागायची.

सकाळी त्यांच्यासाठी डबा जायचा. बहुतेकदा पिठलं-भात, गुरुवारी साबुदाण्याची खिचडी, कारण त्यांचा उपास. डबा कधी रिकामा परत आला नाही. गावाकडून आलेल्या शेंगा, कधी मूठभर हरभरा, काही ना काही त्यात असायचंच.

पुढे मारेकरी सापडले. कला महाविद्यालयातली पोरं निघाली. १९८३ च्या नोव्हेंबरात येरवड्याला फाशी झाली. हवालदारकाकांना आधीपासूनच संशय होता, असं माई मरेपर्यंत सांगायची. हे बहुधा माईचंच.

नंतर हवालदारकाका निवृत्त झाले, वाडा पडून इमारत झाली, आणि चौकीशी आमचं नातं तुटलं. शहर नदीपल्याड किती पसरलं! मोर्चे, मंत्र्यांचे दौरे, गणपती, सगळ्या बंदोबस्ताला माणसं तीच. चौकीवर बसायला कोण उरणार?

असं तुटलेलं नातं मुद्दाम जोडताही येतं, हे मला आत्याकडून कळलं. ती लग्न होऊन भिवंडीत गेली होती, यजमान यंत्रमागाच्या धंद्यात. १९७० ची आणि १९८४ ची दंगल तिथं झालेली. १९८८ पासून सुरेश खोपडे तिथं उपायुक्त होते. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान दोन्हीकडची माणसं आणि पोलीस महिन्याच्या महिन्याला एकत्र बसायला लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. आत्या याचं श्रेय समितीतल्या चहाला देते. मला ते पटतं. ओळख असलेल्या माणसावर दगड उचलायला हात जड होतो, आणि ओळख व्हायला बसावं लागतं.

इकडे पुण्यात २०२३ च्या जूनमध्ये सदाशिव पेठेत भरदिवसा एका मुलीवर कोयता उगारला गेला. रस्त्यावरच्या तरुणांनी तिला वाचवलं. पेरूगेट चौकी जवळच होती, पण तिथं पोलीस नव्हते. मग गैरहजर पोलिसांवर कारवाई झाली, आणि शहरातल्या चौक्या चोवीस तास उघड्या राहतील असं आयुक्तांनी जाहीर केलं. चांगलंच झालं. पण कुलूप निघालं आणि खुर्चीवरचा चेहरा आठवड्याला बदलत राहिला, तर हवालदारकाका कसा तयार होणार? त्याला गल्ली पाठ व्हायला हवी, आणि गल्लीला तो.

आत्या आता ऐंशीच्या पुढे, पुण्यात आमच्याच इमारतीत राहते. परवा काठी टेकत घराजवळच्या चौकीत गेली. आत लातूरकडचा एक पोरगा.

"आजी, काय तक्रार आहे?"

"तक्रार नाही रे. कोण बसतंय ते बघायला आले. जेवतोस कुठं?"

तो म्हणाला, मेसमध्ये, आणि तिथली आमटी अगदी पाणी असते. आत्या घरी येऊन सुनेवर डाफरली, की डब्याची झाकणं कुठं ठेवलीत. पुढच्या गुरुवारी ती पुन्हा जाणार आहे. तोवर त्याची बदली झाली असेल तर नव्याला उपास असतो का, हे आधी विचारून घ्यायला मी तिला सांगितलंय.