तलावांचा जमाखर्च

पाणी हिरवें दिसूं लागलें म्हणजे मनुष्य पहिला दोष शेवाळाला देतो. घरांतील कांचेच्या टाकींत रंगीत मासे पाळणारा गृहस्थ असो, वा गांवच्या तलावांत जाळें टाकणारा ढीवर असो, दोघांचाहि पहिला प्रश्न एकच असतो: हें शेवाळ मारावें कसें? परंतु शेवाळ हा रोग नव्हे. तें रोगाचें लक्षण होय. पाण्यांत जें अन्न न कळत सांठत गेलें, तेंच शेवाळाच्या रूपानें एके दिवशीं डोळ्यांना दिसूं लागतें. महाराष्ट्राच्या पूर्व टोंकाला असलेल्या गोंदिया जिल्ह्यांतील तलावांचा इतिहास हीच गोष्ट सांगतो.

१ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून जुन्या मालगुजारी तलावांची संख्या ६,५०० हून अधिक भरते. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. त्यांतील पुष्कळसे कोहळी समाजाच्या हातचे. परंपरा अशी सांगते कीं, चांद्याच्या एका गोंड राजानें काशीयात्रेहून परततांना पाणी अडविण्याची कला जाणणारीं हीं कुटुंबें बरोबर आणिलीं. आणि जो तलाव बांधील त्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन द्यावी, असा नियम घालून दिला. हे लोक ऊंस आणि धान पिकविण्यांत निष्णात होते. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधिलेला नवेगांवबांधचा तलाव सुमारें ११ चौरस किलोमीटर पसरलेला आहे. भोंवतालच्या डोंगरांना लोक 'सात बहिणी' म्हणतात, आणि स्वतः कोलू पाटील तेथें कोलासुर या नांवानें देवपदाला पोंचला आहे. ज्यानें पाणी अडविलें त्याला देव मानणारी ही जनता पाण्याची किंमत जाणत होती, याविषयीं शंका नको.

तलाव बांधणें हें एक काम, आणि तो जिवंत ठेवणें हें दुसरें. दरवर्षीं पाऊस रानांतील पानें आणि शेतांतील माती तलावांत लोटतो. गुरेंढोरें पाण्यांत उतरतात. त्यांचें शेण तेथेंच पडतें. ही झाली तलावाची जमा. खर्चाची बाजूहि तितकीच ठरलेली होती. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं, उघड्या पडलेल्या तळांतला गाळ खणून गाड्यांनीं शेतांत जाई. शिंगाडे, कमळकंद आणि पाण्यांत आपोआप उगवणारें धान माणसांच्या पोटांत जाई. ढीवर मासे काढीत. 'तुडुम' नांवाच्या मोरीतून सुटलेलें पाणी आपल्याबरोबर विरघळलेलें अन्न घेऊन धानाला मिळे. असें जें तलावांत येई, तें कोणत्या ना कोणत्या रूपानें पुनः बाहेर पडे.

मात्र या जुन्या व्यवस्थेला रामराज्य समजणें ही मोठी चूक होईल. मालगुजाराच्या तलावावर घाम गाळणाऱ्यांत वेठीला धरलेलेहि पुष्कळ असत, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यांत राबणाऱ्या ढिवराला त्या पाण्यावर हक्क असा फारसा नव्हता. तेव्हां १९५० सालच्या कायद्यानें, ३१ मार्च १९५१ पासून, मालगुजारी नष्ट झाली, यांत न्यायच झाला. तलाव सरकारच्या मालकीचे झाले; पुढें त्यांतील लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. परंतु मालक गेला त्याबरोबर गाळ काढण्याची सक्तीहि गेली, आणि तिच्या जागीं स्वेच्छेची व्यवस्था कोणी उभी केली नाहीं. जमेची बाजू चालूच राहिली. खर्चाची बाजू कोरी पडूं लागली.

त्यांतच जमा वाढली. १९६० नंतरच्या दशकांत धानाला रासायनिक खतें मिळूं लागलीं, आणि शेतांतून वाहणाऱ्या पाण्याबरोबर त्यांचा अंश तलावांत उतरूं लागला. मासेमारीहि बदलली. १९५७ सालीं कटक येथें डॉ. हिरालाल चौधरी यांनीं ग्रंथींचा अर्क टोंचून माशांकडून अंडीं घालविण्याची युक्ति यशस्वी केली, आणि पुढें कटला, रोहू, मृगळ यांचें बीज गांवोगांवच्या तलावांत सोडणें सुलभ झालें. मूळचा चीनकडील 'गवत्या' मासा १९५९ सालीं भारतांत आला. नांवाप्रमाणें तो पाण्यांतील हिरवळ फस्त करतो. म्हणून तण काढण्याचा स्वस्त उपाय म्हणून त्याचें स्वागत झालें. पण तळाशीं वाढणाऱ्या ज्या वनस्पति तो खातो, त्याच पाण्यांतील अन्न शोषून घेत असतात, गाळ धरून ठेवीत असतात आणि मरळीसारख्या देशी माशांना आसरा देत असतात. कांठावर तर अमेरिकेहून आलेलें बेशरम नांवाचें झुडूप माजलें. त्याला गुरें तोंड लावीत नाहींत, आणि तोडलेला तुकडा चिखलांत पडला तर पुनः रुजतो.

आतां या अन्नांतील मुख्य घटक कोणता, तें पाहावें. शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतो, तो फॉस्फरस पाण्यांत फॉस्फेटच्या रूपानें असतो. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यानें समुद्रांतील सूक्ष्म वनस्पतींचें पृथक्करण करून, त्यांत स्फुरदाच्या एका अणूमागें नत्राचे सुमारें १६ आणि कर्बाचे सुमारें १०६ अणु असतात, असें दाखविलें. म्हणजे चिमूटभर स्फुरद ओंजळभर शेवाळाला पुरतें. कर्ब तर हवेंतून मिळतोच, आणि नीलहरित शेवाळाच्या कांहीं जाति नत्रहि हवेंतून घेऊं शकतात. परंतु हवेंत स्फुरद नाहीं. तें मातीबरोबर येतें, आणि बाहेर काढलें तरच जातें.

याचा प्रत्यक्ष प्रयोग १९७३ सालीं कॅनडांतील ओंटारियो प्रांतांत डेव्हिड शिंडलर आणि त्याचे सहकारी यांनीं केला. मध्येंच चिंचोळ्या असलेल्या एका तळ्यांत त्यांनीं आडवा पडदा लावला. एका भागांत कर्ब आणि नत्र घातलें. दुसऱ्यांत तींच दोन आणि जोडीला स्फुरद घातलें. पहिल्या भागाचें पाणी होतें तसेंच राहिलें. दुसरा भाग हिरवागार झाला. विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांत पडद्याच्या दोन बाजू दोन निरनिराळ्या तळ्यांसारख्या दिसतात.

मग शेवाळ मारून काय साधतें? १९०४ सालीं अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील मूर आणि केलरमन यांनीं मोरचूद घालून शेवाळ मारण्याची रीति प्रसिद्ध केली, आणि ती झपाट्यानें पसरली. शेवाळ मरतें, हें खरें. पण मेलेलें शेवाळ तळाशीं जाऊन कुजतें. कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खर्च होतो, मासे गुदमरतात, आणि त्याच्या देहांतील स्फुरद पुनः पाण्यांत मिसळून पुढच्या शेवाळाला वाढतें. कर्ज फेडण्यासाठीं नवें कर्ज काढावें, त्यांतलाच हा प्रकार.

समुद्राच्या खाऱ्या पाण्यांतील प्रवाळ कांचेच्या टाकींत जगविणाऱ्यांनाहि याच अनुभवांतून जावें लागलें. प्रवाळाला अत्यंत निवळ, जवळजवळ स्फुरदहीन पाणी लागतें. माशांना घातलेल्या प्रत्येक चिमटीबरोबर मात्र टाकींत स्फुरद पडतें, आणि केंसाळ शेवाळ प्रवाळाला गुदमरवितें. कोणी खाणें कमी करितात, कोणी पाणी बदलतात, कोणी फॉस्फेट धरून ठेवणारे लोहाच्या भस्माचे कण वापरतात. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेंतील वॉल्टर एडी यानें याहून मार्मिक युक्ति काढिली. शेवाळ मारण्याऐवजीं त्यानें तें निराळ्या जाळीवर, भरपूर प्रकाशांत, मुद्दाम वाढविलें, आणि वरचेवर खरवडून टाकीबाहेर काढिलें. शेवाळाबरोबर स्फुरदहि बाहेर पडलें. १९८० सालीं तेथील संग्रहालयांत या रीतीवर जगणारा प्रवाळांचा देखावा लोकांना पाहावयास मिळाला. उन्हाळ्यांत गाळ उपसणाऱ्या आणि शिंगाडे काढणाऱ्या ग्रामस्थांचीच ही रीति. केवळ पात्र लहान, आणि हिशेब लेखी.

गोंदियाच्या तलावांवरहि हा हिशेब पुनः सुरू झाला आहे. गेल्या दोन दशकांत अर्जुनी-मोरगांव परिसरांत ढीवर समाजाच्या मच्छीमार संस्था, भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळ आणि बायकांचे बचत गट यांनीं मिळून कांहीं तलाव हातीं घेतले. उन्हाळ्यांत बेशरम मुळासकट उपटावें, कोरडा तळ नांगरावा, आणि पावसाळ्यांत पाणी चढूं लागलें कीं मऊ चिखलांत देशी जलवनस्पतींचीं रोपें लावावीं, असा हा क्रम. कोणती वनस्पति कोणत्या माशाला मानवते, कोणती किती खोल पाण्यांत टिकते, हें ज्ञान जुन्या ढिवरांकडे होतेंच. त्याला मान मिळाला, इतकेंच नवें. जेथें हिरवळ परतली, तेथें देशी मासे परतले, आणि त्यांच्याबरोबर घरांत चार पैसेहि आले. २०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढिली, तिचें तत्त्वहि निराळें नाहीं: तलावाची जमा शेताच्या खात्यावर घालावयाची.

जें काम पूर्वीं मालगुजाराच्या धाकानें होत असे, तें आतां त्या पाण्यावर पोट असणारीं माणसें आपल्या हक्कानें करीत आहेत. हक्क आणि कर्तव्य एका हातीं आल्याखेरीज असा हिशेब फार दिवस चालत नाहीं. तलाव हजारों आहेत, आणि हात लागलेले थोडे. दर पावसाळ्यांत माती येतच राहणार. म्हणून दर उन्हाळ्यांत कोणाला तरी कुदळ आणि टोपली घेऊन तळांत उतरावेंच लागेल.