खंडोबाचा कुत्रा कुणाचा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग.

दिवाळीत अकलूजला घरी होतो. गच्चीवर आमची ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची मंडळी जमली. मी जादूगार. जादूगाराला एक ‘फॅमिलियर’ मिळतो, म्हणजे मंत्राने बोलावलेला, प्राण्याच्या रूपातला सोबती. सगळे घुबड नाहीतर मांजर घेतात. मी म्हटलं, आपण खंडोबाचा कुत्रा घेऊ.

आता हा कुत्रा कोण? मणी आणि मल्ल या दैत्यांशी मार्तंडभैरवाचं युद्ध झालं. दैत्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून नवा दैत्य उभा राहायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅम स्वतःच्याच कॉप्या काढत सुटला आणि सिस्टिम हँग! लोककथा सांगते की तेव्हा देवाचा कुत्रा पुढे आला आणि त्याने रक्त खाली पडायच्या आतच चाटून घेतलं. तलवारीने जे होत नव्हतं ते कुत्र्याने केलं. म्हणून तर देवाच्या टाकावर घोड्याबरोबर कुत्राही दिसतो.

इथपर्यंत मजा होती. मग मी वाचत बसलो.

युरोपात हे ‘फॅमिलियर’ खेळातले नव्हते. इंग्लंडमध्ये 1604 च्या कायद्याने दुष्ट आत्म्याला पोसणं हा मृत्युदंडाचा गुन्हा ठरवला. चेटकिणी शोधत फिरणाऱ्या मॅथ्यू हॉपकिन्सने 1647 साली पुस्तक छापलं. त्याच्या पहिल्या चित्रात बायका आणि त्यांचे प्राणी नावानिशी काढलेत. घरात मांजर असणं हासुद्धा पुरावा होऊ शकत होता.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे कुत्र्याची जागा माणसाने घेतली. वाघ्या स्वतःला खंडोबाचा कुत्रा म्हणवतो. गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, हातात कोटंबा. कर्नाटकात मैलार देवाचे वग्गय्या तर कुत्र्यासारखे भुंकतातही. गुंथर सोन्थायमर (1934–1992) हे जर्मन अभ्यासक पुण्यात राहून धनगरांमध्ये आणि जत्रांमध्ये फिरले. त्यांच्या लेखनात या भक्तीचा मोठेपणा दिसतो. राजाचा इमानी कुत्रा होणं यात कमीपणा नाही, उलट देवाच्या सगळ्यात जवळची जागा आहे ती.

पण ही जागा प्रत्येकाने स्वतः मागितलेली नव्हती. मूल होत नाही म्हणून नवस बोलायचा आणि पहिलं लेकरू देवाला वाहायचं. मुलगा वाघ्या, मुलगी मुरळी. मुरळीचं लग्न देवाशी लागायचं, मग माणसाशी नाही. तिला कुणी विचारलं होतं? मुली देवाला वाहण्याविरुद्ध मुंबई प्रांतात 1934 मध्ये कायदा झाला. तरी महाराष्ट्राला 2005 चा देवदासी निर्मूलन कायदा करावा लागला. मध्ये 71 वर्षं गेली!

जागरणात वाघ्या-मुरळीची गाणी मी लहानपणापासून ऐकलीत. अजूनही आवडतात. फक्त आता ऐकताना वाटतं, ही बाई इथे स्वतःहून उभी आहे ना?

खेळाच्या नियमात लिहिलंय की फॅमिलियर मालकाची आज्ञा कायम पाळतो. आम्ही ती ओळ खोडली. आता प्रत्येक डाव सुरू होताना मी कुत्र्याला विचारतो, “येतोस का?” आणि तो फासा टाकतो. मागच्या वेळी नाही आला. आमचा पार धुव्वा उडाला, पण नियम तोच ठेवलाय.

येळकोट येळकोट जय मल्हार! भेटू पुढच्या भागात.